इंद्रसभेतील सोळा चित्रे

छत्रपती संभाजीनगरहून सुमारे ३० किलोमीटरवर वेरूळचा डोंगर लागतो. दक्षिणेकडून उत्तरेकडे दोन किलोमीटरांहून अधिक पसरलेल्या त्याच्या कड्यात ३४ लेणी क्रमाने येतात. पहिली १२ बौद्ध, त्यानंतरची १७ हिंदू आणि उत्तरेच्या टोकाला शेवटची ५ जैन. यात्रेकरूंची गाडी प्रथम कैलासापाशी थांबते. सोळाव्या क्रमांकाचे ते अखंड खडकातले मंदिर पाहता पाहता दोन तास सरतात, मुले दमतात, वडीलधाऱ्यांचे गुडघे कुरकुरू लागतात आणि जैन लेण्यांच्या वाट्याला दिवसाचा उरलेला अर्धा तास येतो.

त्या अर्ध्या तासात घाईने टिपलेली छायाचित्रे घरी जाऊन पाहिली, की एक उणीव जाणवते. वेरूळचा काळा दगड चित्रात राखाडी झालेला असतो, अंगणातले ऊन पांढरेफटक पडलेले असते, गाभाऱ्यातला अंधार एकसलग काळा झालेला असतो आणि एक मूर्ती दुसरीसारखीच दिसते. कॅमेरा चांगला असतो, मूर्ती तर अप्रतिम असतात. मग हरवते काय? किती प्रकाश घ्यावा, हा निर्णय त्या घाईत यंत्रावर सोपवलेला असतो आणि यंत्राला समोर काय आहे हे ठाऊक नसते. मीडियम फॉरमॅटचा जड कॅमेरा घेऊन या लेण्यांत येणाऱ्या छायाचित्रकाराला हा निर्णय इतक्या सहजासहजी सोडून देता येत नाही. त्याच्या कामाची रीत समजून घेतली, तर लेणी पाहण्याचीही एक रीत हाती लागते.

अंगण, सभामंडप आणि अंधार

जैन लेण्यांचा हा समूह कैलासापासून दीड-दोन किलोमीटर उत्तरेला आहे. इसवी सनाच्या नवव्या-दहाव्या शतकांत, राष्ट्रकूटांच्या काळात, यांतील बहुतेक काम झाले. तिसाव्या लेण्याला ‘छोटा कैलास’ म्हणतात. बत्तिसावे ते ‘इंद्रसभा’ आणि तेहेतिसावे ‘जगन्नाथ सभा’. इंद्रसभा हे नाव लोकांनी दिलेले. हत्तीवर बसलेल्या यक्षाला पाहणाऱ्यांनी इंद्र मानले आणि आम्रवृक्षाखाली सिंहावर बसलेल्या अंबिकेला इंद्राणी. नाव चुकीचे असले, तरी ते आता रूढ झाले आहे.

दारातून आत गेल्यावर आकाशाला मोकळे असलेले एक अंगण लागते. त्याच्या मध्यभागी एकाच खडकातून कोरलेले चौमुखी मंदिर आहे, जवळच एक अखंड हत्ती उभा आहे आणि एक उंच स्तंभ. मागे दोन मजली लेणे. खालचा मजला बराचसा अपूर्ण राहिला, वरचा मजला मात्र नक्षीने भरून गेला आहे. तेथील खांबांवर पूर्णकलशांचे घाट आहेत, छतावर मोठे कमळ आहे आणि काही ठिकाणी जुन्या रंगचित्रांचे अवशेष अजून तग धरून आहेत. मुख्य गाभाऱ्यात पद्मासनातली तीर्थंकरांची मूर्ती शांतपणे बसलेली आहे.

या समूहात दोन शिल्पे पुन्हा पुन्हा समोरासमोर येतात. एका भिंतीवर भगवान बाहुबली कायोत्सर्गात उभे. पायांवरून, मांड्यांवरून वेली चढलेल्या, बाजूला दोन स्त्रिया. समोरच्या भिंतीवर भगवान पार्श्वनाथ, तेही कायोत्सर्गात. त्यांच्या मस्तकावर नागाचा फणा आणि शेजारी छत्र धरलेली पद्मावती. भोवती कमठाच्या उपसर्गाचा गदारोळ चाललेला असतो. कोणी रेड्यावर बसून चाल करून येतो, कोणी सिंहावर, कोणी वरून शिळा टाकू पाहतो. शिल्पकाराने मधली आकृती सरळ, स्वच्छ आणि उंच ठेवली, तर हल्लेखोर कडेच्या खोल सावलीत कोरले.

छायाचित्रकाराची खरी परीक्षा येथे होते. प्रकाश कमी पडला, तर हल्लेखोर सावलीत विरून जातात आणि उरतात ते केवळ उभे पार्श्वनाथ. प्रकाश जास्त झाला, तर शरीराची गोलाई सपाट होते आणि बाहुबलींच्या मांडीवरची वेल दगडात मिसळून जाते. दोन्ही चित्रे दिसायला बरी दिसतील. परंतु पहिल्यातून उपसर्ग गेला आणि दुसऱ्यातून तप. ज्याने ते शिल्प प्रत्यक्ष पाहिलेले नाही, त्याला काय गेले हे कधी कळणारही नाही.

जड कॅमेऱ्याचे प्रयोजन

मीडियम फॉरमॅटच्या कॅमेऱ्यात १२० क्रमांकाची, सुमारे सहा सेंटीमीटर रुंदीची फिल्म घातली जाते. तिच्यावर ६ × ४.५ सेंटीमीटर मापाची १६ चित्रे निघतात, ६ × ६ मापाची १२ आणि ६ × ७ मापाची केवळ १०. नेहमीच्या ३५ मिलिमीटर फिल्मवरील चित्राशी तुलना केली, तर ६ × ४.५ चे क्षेत्रफळसुद्धा सुमारे पावणेतीन पट भरते. दगडावरचा छिन्नीचा माग, झिजलेल्या ओठांची कड, खांबाच्या घटावरची बारीक पाने हा सारा तपशील एवढ्या जागेत ऐसपैस मावतो. भिंतीएवढी मोठी प्रत काढली, तरी तो विरत नाही.

या लाभाची किंमतही मोजावी लागते. कॅमेरा जड असतो. आतला आरसा मोठा असल्याने तो उचलला जाताना हादरा बसतो. भिंगाची नाभीय लांबी अधिक असल्याने स्पष्ट दिसणाऱ्या अंतराचा पट्टा अरुंद होतो. पुढची मूर्ती आणि मागचा खांब दोन्ही रेखीव हवे असतील, तर छिद्र बरेच लहान करावे लागते. छिद्र लहान केले, की शटर जास्त वेळ उघडे ठेवावे लागते, आणि लेण्यात तर आधीच उजेड थोडका. एका बाजूला काही वाढवले, की दुसऱ्या बाजूला तेवढे द्यावेच लागते. पेढीवर बसणाऱ्याला हा व्यवहार समजावून सांगावा लागत नाही.

मापकाचे अर्धसत्य

कॅमेऱ्यातला प्रकाशमापक एकच गोष्ट गृहीत धरून चालतो. समोरचे दृश्य सरासरीने मध्यम राखाडी आहे, असे तो मानतो आणि त्या मानाने आकडा सांगतो. वेरूळचा दगड दख्खनच्या पठाराचा बेसाल्ट आहे, काळसर आणि प्रकाश गिळणारा. चौकट त्या दगडाने भरली, की मापकाला वाटते उजेड कमी आहे. तो जास्त प्रकाश मागतो आणि काळा दगड राखाडी होऊन येतो. राणकपूरच्या पांढऱ्या संगमरवरी खांबांपुढे हाच मापक नेमका उलटा चुकतो. तेथे त्याला उजेड फार वाटतो, तो प्रकाश कमी करतो आणि शुभ्र संगमरवर मळकट दिसतो.

म्हणून अनुभवी छायाचित्रकार मापकाचा आकडा ऐकतो आणि मग आपली दुरुस्ती करतो. छायाचित्रणात प्रकाश दुप्पट किंवा निम्मा करण्याला एक ‘स्टॉप’, म्हणजे एक पायरी, म्हणतात. काळा बेसाल्ट काळा राहावा म्हणून साधारण एक पायरी खाली यावे लागते; पांढरा संगमरवर पांढरा राहावा म्हणून एक ते दीड पायरी वर चढावे लागते. मापक खोटे बोलत नाही. त्याला जेवढे ठाऊक आहे तेवढेच तो सांगतो. दगड कोणता हे पाहणाऱ्याने सांगायचे असते.

चार पद्धती, चार जागा

एक्सपोजर ठरवण्याच्या चार पद्धती बहुतेक आधुनिक कॅमेऱ्यांत असतात. १९९७ साली आलेल्या पेंटॅक्स ६४५एन या मीडियम फॉरमॅट कॅमेऱ्यात त्यांची मांडणी फार सुबोध आहे. भिंगावर छिद्राचे कडे, कॅमेऱ्यावर शटरची चकती आणि दोन्हींवर ‘ए’ हे अक्षर. दोन्ही ‘ए’वर ठेवले, की कॅमेरा दोन्ही निर्णय स्वतः घेतो, यालाच प्रोग्राम म्हणतात. केवळ शटर ‘ए’वर ठेवले, की छिद्र माणसाचे आणि वेळ यंत्राची, हे अ‍ॅपर्चर प्रायॉरिटी. उलट केले, की शटर प्रायॉरिटी. दोन्ही ‘ए’वरून काढले, की मॅन्युअल. कोणता निर्णय कोणाकडे आहे, हे कॅमेऱ्याकडे नुसते पाहूनही कळते.

वेरूळच्या परिसरात या चारही पद्धतींना आपापली जागा सापडते.

प्रोग्रामची जागा लेण्यांच्या बाहेर, झाडाखाली. शिदोरी उघडून बसलेले कुटुंब, आजोबांच्या खांद्यावर चढलेला नातू, तिकिटाच्या रांगेतली गंमत. असा क्षण आकडे जुळवेपर्यंत थांबत नाही. तेथे यंत्राचा अंदाज पुरेसा असतो आणि तो स्वीकारण्यात कमीपणाही नाही.

शटर प्रायॉरिटीची जागा पाण्याजवळ. एकोणतिसाव्या लेण्याजवळ पावसाळ्यात धबधबा कोसळतो. सीतेची न्हाणी म्हणून तो ओळखला जातो. तेथे छायाचित्रकाराला आधी ठरवावे लागते, की पाण्याचे थेंब मोत्यांसारखे सुटे हवेत की पाणी वस्त्रासारखे वाहते हवे. सुट्या थेंबांसाठी सेकंदाचा पाचशेवा भाग, वाहत्या वस्त्रासाठी अर्धा सेकंद. वेळ त्याने निवडायची आणि छिद्र यंत्राने जुळवायचे. कड्यावरून उडणारे पोपट आणि माकडांच्या उड्या यांनाही हीच पद्धत मानवते.

अ‍ॅपर्चर प्रायॉरिटी उपयोगी पडते ती ढगांच्या दिवशी, डोंगरावरच्या वाटेवर. जैन लेण्यांच्या माथ्यावर भगवान पार्श्वनाथांची एक भव्य मूर्ती आहे; तिच्यावरील शिलालेखात शके ११५६, म्हणजे इसवी सन १२३४-३५ चा उल्लेख आहे. म्हणजे खालची लेणी खोदून झाल्यावर तीन शतके लोटली, तरी या डोंगरावरची श्रद्धा जागती होती. तेथे चढून जाताना श्रावणात ऊन आणि सावली क्षणोक्षणी बदलत असते. जवळचा दगड आणि दूरचा पठाराचा पट्टा दोन्ही रेखीव हवेत, म्हणून छिद्र एफ ११ वर ठरवून ठेवावे आणि बदलत्या उजेडाचा पाठलाग यंत्राला करू द्यावा. वरच्या मंदिरात मात्र पूजाअर्चा चालते; तेथे कॅमेरा बाहेर काढण्यापूर्वी विचारणे हा पहिला नियम.

मॅन्युअलची जागा इंद्रसभेच्या अंगणात. दुपारी निरभ्र आकाशाखाली या अंगणातला उजेड बराच वेळ सारखा राहतो. १०० संवेदनक्षमतेच्या फिल्मला तो एफ १६ आणि सेकंदाचा एकशेपंचविसावा भाग एवढा असतो. हा जुना ठोकताळा मापकाशिवायही चालतो. उजेड सारखा, पण चौकटीतल्या वस्तू बदलत्या. चौमुखी मंदिराचे चित्र घेत असताना श्वेतवस्त्रे ल्यालेल्या साध्वींचा समूह चौकटीत आला, तर स्वयंचलित पद्धत त्या शुभ्र वस्त्रांना भुलून प्रकाश कमी करते आणि मागचा काळा दगड काजळीसारखा होतो. साध्वी पुढे गेल्या आणि हत्ती एकटा राहिला, की तीच पद्धत उलट्या दिशेने चुकते. दगडावर पडणारे ऊन मात्र तेवढ्यात तिळभरही बदललेले नसते. म्हणून एकदा विचारपूर्वक मोजावे, आकडे कायम करावे आणि मग मापकाकडे पाहू नये. हातात धरायचा स्वतंत्र मापक असेल, तर तो दगडाकडे न रोखता कॅमेऱ्याच्या दिशेने धरावा. मग तो वस्तूचा रंग न मोजता तिच्यावर पडणारा उजेड मोजतो आणि काळ्या-पांढऱ्याचा प्रश्नच मिटतो.

अंधारात मोजणी

अंगणातून वरच्या सभामंडपात गेले, की डोळ्यांना काही वेळ काहीच दिसत नाही. डोळे सरावतात, फिल्म सरावत नाही. भर उन्हातले अंगण आणि आतली भिंत यांत दहा पायऱ्यांचे अंतर पडू शकते, आणि दहा पायऱ्या म्हणजे हजारपटीहून अधिक. एवढा फरक एका चित्रात सामावणे फिल्मला कठीण. म्हणून आत गेल्यावर पहिली सवय ही, की बाहेरच्या उन्हाचा तुकडा चौकटीत येऊ द्यायचा नाही. दुसरी सवय, की सावलीत कोणता तपशील हवा हे आधी ठरवायचे.

अमेरिकेतील ॲन्सेल ॲडम्स आणि फ्रेड आर्चर यांनी १९४० च्या सुमारास ‘झोन सिस्टीम’ नावाने जी पद्धत मांडली, तिचे सूत्र येथे उपयोगी पडते. पार्श्वनाथांच्या शिल्पात रेड्यावर बसलेल्या हल्लेखोराच्या सावलीतल्या अंगाचे माप एका लहान बिंदूपुरते घ्यावे. मापक जे सांगेल ते त्या अंगाला मध्यम राखाडी करणारे असेल. त्यातून दोन पायऱ्या उतरावे. आता ते अंग काळेच राहील, पण त्यातला छिन्नीचा माग वाचता येईल. मधली उजळ आकृती आपोआप आपल्या जागी बसते. शिल्पकाराने हल्लेखोरांना जेवढ्या सावलीत ठेवले, तेवढ्याच सावलीत ते चित्रात येतात, नाहीसे होत नाहीत.

असे माप घेतल्यावर बहुधा एक सेकंद किंवा त्याहून अधिक वेळ निघतो. येथे फिल्मचा आणखी एक स्वभाव सांभाळावा लागतो. मंद उजेडात तिची ग्रहणशक्ती घटते. कोडॅकच्या ट्राय-एक्स ४०० या फिल्मला मापकाने १ सेकंद सांगितला, तर २ सेकंद द्यावे लागतात. १० सांगितले, तर ५०. हा तक्ता कागदावर लिहून पिशवीत ठेवणारा छायाचित्रकार लेण्यातून समाधानाने परततो. एवढा वेळ हात स्थिर राहू शकत नाही, म्हणून ट्रायपॉड हवा, आणि त्यासाठी भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षण खात्याची परवानगी आधी काढावी लागते. परवानगी नसेल, तर आपली पिशवी जमिनीवर ठेवून तिच्यावर कॅमेरा टेकवावा. कोरीव खांबाला किंवा मूर्तीच्या पीठाला टेकवू नये. फ्लॅश तर टाळावाच. तो छतावरच्या उरल्यासुरल्या रंगांना हितकर नाही आणि समोरून आलेला प्रकाश शिल्पाची सारी खोली पुसून टाकतो. बाहुबलींच्या अंगावरची वेल उठून दिसते ती बाजूने येणाऱ्या तिरप्या उजेडात. तो उजेड केव्हा येतो, हे तेथे बसून राहिल्यावरच कळते.

सोळांचा रोजमेळ

एका रोलमध्ये चित्रे सोळा. खात्री नसलेल्या दृश्याची एक योग्य, एक कमी आणि एक जास्त प्रकाशाची अशी तीन चित्रे घेण्याचा प्रघात आहे. तसे प्रत्येक वेळी केले, तर सोळांत पाच दृश्ये होतात आणि एक चित्र उरते. पाच दृश्यांत वेरूळ कसे मावणार? म्हणून जो नीट मोजतो त्याला सोळा दृश्ये मिळतात आणि जो अंदाजावर चालतो त्याला पाच. अचूकपणाचा नफा इतक्या स्वच्छ आकड्यांत क्वचितच दिसतो.

याच कारणाने हे छायाचित्रकार वही बाळगतात. चित्र क्रमांक, जागा, वेळ, छिद्र, शटर, केलेली दुरुस्ती आणि पद्धत, असा ओळीओळीने हिशोब असतो. पेंटॅक्स ६४५एन हा हिशोब फिल्मच्या कडेवर स्वतःच छापतो. कोणते आकडे होते, कोणती पद्धत होती, हे चित्राशेजारी कायम राहते. रोज रात्री रोजमेळ लिहिणाऱ्या घरांना याचे मोल वेगळे सांगायला नको. तोटा झाला यापेक्षा तो कोठे झाला हे न कळणे अधिक वाईट. वहीत नोंद असेल, तर चुकलेले चित्रही पुढच्या फेरीचे भांडवल होते.

छायाचित्रणाचा आणि जैन समाजाचा संबंध जुना आहे. राजा दीनदयाळ यांचा जन्म १८४४ साली मेरठजवळच्या सरधना येथे एका जैन कुटुंबात झाला. रुडकीच्या थॉमसन कॉलेजात त्यांनी अभियांत्रिकीचे शिक्षण घेतले, इंदूरला सरकारी नोकरी केली आणि पुढे हैदराबादचे सहावे निझाम महबूब अली खान यांच्या दरबाराचे छायाचित्रकार झाले. वेरूळ त्या वेळी निझामाच्या राज्यात होते आणि दीनदयाळांनी या लेण्यांचीही छायाचित्रे घेतली. त्यांचा कॅमेरा पेटीएवढा, चित्र काचेच्या पट्टिकेवर, आणि निर्णय सारे त्यांचे स्वतःचे. १९०५ साली ते निवर्तले. त्यांची वास्तुचित्रे आजही अभ्यासक जवळ घेऊन पाहतात, कारण सावलीतले कोरीवकाम त्यांत वाचता येते. काळाच्या ओघात जे झिजले वा पडले, त्याचा पुरावा म्हणून अशी जुनी चित्रेच उरतात. आज घेतलेल्या चांगल्या चित्राचे शंभर वर्षांनंतरचे मोल हेच असेल.

फिल्मचा प्रश्न

येथे जैन वाचकाच्या मनात एक शंका येणे स्वाभाविक आहे आणि ती टाळून पुढे जाणे योग्य नाही. फिल्मवरचा प्रकाशग्राही थर जिलेटिनचा असतो. १८७१ साली रिचर्ड लीच मॅडॉक्स या इंग्रज वैद्याने चांदीचे क्षार जिलेटिनमध्ये धरून ठेवण्याची रीत प्रसिद्ध केली आणि तेव्हापासून फिल्म त्याच रीतीने बनत आली. जिलेटिन जनावरांच्या हाडांपासून आणि कातड्यापासून काढतात. जुन्या ब्रोमाइड कागदातही तेच. जो कंदमुळांचा विचार करतो, औषधाची कॅप्सूल घेताना ती कशाची आहे हे विचारतो, त्याने तीर्थंकरांच्या मूर्तीचे चित्र अशा फिल्मवर घ्यावे का? याचे उत्तर प्रत्येक घर आपापल्या विवेकाने देईल. पण प्रश्न ठाऊक असणे आवश्यक आहे.

मीडियम फॉरमॅट आता फिल्मपुरते राहिलेले नाही. २०१७ साली बाजारात आलेल्या फुजीफिल्म जीएफएक्स ५०एस या कॅमेऱ्यात ४३.८ × ३२.९ मिलिमीटरचा डिजिटल सेन्सर आहे, आणि त्यातही शटरच्या चकतीवर व भिंगाच्या कड्यावर तोच ‘ए’ आहे. चारही पद्धती जशाच्या तशा. मात्र एक नियम उलटतो. निगेटिव्ह फिल्मवर सावली सांभाळावी लागते, कारण तेथे जे टिपले गेले नाही ते पुढे मिळत नाही. उजळ भाग ती बराच सहन करते. डिजिटल सेन्सर उलट वागतो. उजळ भाग एकदा पांढराफटक झाला, की त्यातून काही परत येत नाही. सावलीतून मात्र नंतर बरेच काढता येते. म्हणून डिजिटल कॅमेऱ्यावर अंगणाच्या उन्हाकडे लक्ष ठेवून मोजावे आणि हल्लेखोरांची सावली घरी येऊन हळूहळू उजळावी.

जिलेटिनचा दोष गेला, पण त्याबरोबर सोळांची मर्यादाही गेली. स्मृतिपत्रात हजार चित्रे मावतात, आणि हजारांची सोय झाली की मोजण्याची गरज वाटेनाशी होते. एकाच मूर्तीची चाळीस चित्रे घेतली जातात, त्यांतली एकही लक्षपूर्वक पाहिली जात नाही आणि ती सारी घरच्या संगणकात पडून राहतात. संचय वाढतो, दर्शन वाढत नाही. परिग्रहपरिमाण ज्या घरांत आजीच्या तोंडून ऐकलेले असते, तेथे यावरचा उपाय शोधावा लागत नाही. डिजिटल कॅमेरा हाती असूनही काही छायाचित्रकार इंद्रसभेत शिरताना स्वतःशीच सोळा हा आकडा ठरवतात. सोळा चित्रे झाली, की कॅमेरा पिशवीत. मग प्रत्येक चित्रापूर्वी आपोआप थांबणे होते. उजेड कोठून येतो, दगड किती काळा आहे, कोणता निर्णय आपला आणि कोणता यंत्राचा, हे प्रश्न पुन्हा विचारले जातात.

कुटुंबासह वेरूळला जाणाऱ्यांनी एवढे केले तरी पुष्कळ. मंगळवारी लेणी बंद असतात, तो दिवस टाळावा. दर्शनाचा क्रम उलटा करावा; सकाळी थेट उत्तरेच्या टोकाला, जैन लेण्यांपाशी जावे, अंगे ताजी असताना, आणि कैलास नंतर पाहावा. पहिली फेरी कॅमेऱ्याशिवाय. कोणत्या भिंतीवर उजेड पोचला आहे आणि कोणत्या भिंतीवर अजून पोचायचा आहे, हे त्या फेरीत पाहून घ्यावे. मुलांना पार्श्वनाथ आणि बाहुबली समोरासमोर दाखवावे, सावलीतले हल्लेखोर त्यांना स्वतः शोधू द्यावे. रेडा प्रथम कोणाला दिसतो, सिंह कोणाला, शिळा कोणाला. ज्याला जे दिसले, ते चित्रात यावे यासाठी किती प्रकाश लागेल, हे त्याच्यासमवेत मोजावे आणि मगच शटर दाबावे. मुलाच्या हाती मोबाइल असला, तरी त्यावर बोट ठेवून उजेड वरखाली करता येतो. तेथेही निर्णय त्याचाच असू शकतो.

संध्याकाळी गाडी परतीला लागते तेव्हा अशा घराजवळ चित्रे थोडी असतात. पण रात्री जेवणानंतर ती पाहताना कोणीतरी म्हणते, हा बघ रेडा, आणि सारे जण सरसावून सावलीत पाहू लागतात.